घर बदललं, घरपण कुठं ठेवू?

या अंकासाठी ‘घर’ या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. लग्न, निवृत्ती, घटस्फोट, पूर, वाडा पाडून फ्लॅट. कारणं वेगवेगळी, पण ‘कुठंच आपलं वाटत नाही’ ही तक्रार बहुतेक पत्रांत आहे. त्यांतली कोल्हापूरशी नातं असलेली पाच पत्रं इथं घेतली आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत. उत्तरं आमच्या समुपदेशकांनी आणि वृद्धांच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझं माहेर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं. लग्नाला नऊ महिने झाले, आता पुण्यात हडपसरला असते. सासरची माणसं वाईट नाहीत. तरी दर पंधरा दिवसांनी कोल्हापूर गाठते, आणि रविवारी रात्री परतले की दोन दिवस तोंडात घास फिरतो. माहेरी माझ्या खोलीत आता भावाचा अभ्यास मांडलाय, त्यामुळं तिथंही पाहुणीच. इथं बोलताना ‘मी जातो’ म्हटलं की सगळे हसतात. माझं घर नक्की कुठलं? (वय २६)

‘कोल्हापूरची आठवण येते’ हे निदान फार मोघम आहे. त्यावर काही उपाय करता येत नाही. म्हणून आधी एक आठवडा नोंद ठेवा. वहीत तीन रकाने आखा : किती वाजता, शरीराला काय झालं, त्या वेळी नेमकं काय हवं होतं. दर वेळी दोनच ओळी. आठवड्यानंतर यादी पाहिली की एरवी डोंगराएवढी वाटणारी ओढ चार-पाच गोष्टींवर येते, आणि त्या गोष्टी लहान असतात. संध्याकाळी सातला तालमीपुढं चालणारा पोरांचा कालवा. आमटीतली कांदा-लसूण चटणी. ‘जेवलीस काय?’ असं कुणीतरी न चुकता विचारणं.

या यादीची तीन भागांत वाटणी करा : जे नेता येतं, ज्याला पर्याय शोधावा लागतो आणि जे परत येणार नाही.

चटणी पहिल्या भागात येते, पण इथं एक चूक हमखास होते. आई बरणी भरून देते, ती संपली की मन पुन्हा एसटी स्टँडकडं धावतं. वासाचे संदेश मेंदूतल्या आठवणींच्या आणि भावनांच्या भागांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा जवळच्या वाटेनं पोचतात. म्हणून फोडणीच्या वासानं धीर येतो, आणि त्याच वासानं डोळेही भरतात. फरक पडतो तो वास आपल्या हातून तयार होण्यानं. येत्या उन्हाळ्यात चटणीचं कांडप असेल तेव्हा चार दिवस माहेरी जा. मिरच्या कुठल्या नि किती, खोबरं कुठल्या रंगावर भाजायचं, लसूण किती, हे ‘अंदाजानं’ न ठेवता तराजूवर तोलून लिहून घ्या. पुढच्या वर्षीची चटणी हडपसरला करा. पहिल्या खेपेला बिघडेलही, म्हणून एक किलो मिरचीच्या वर जाऊ नका.

गल्लीचा कालवा दुसऱ्या भागात. पर्याय शोधताना लोक मूळ गोष्टीची नक्कल शोधतात आणि ‘इथं तसलं काहीच नाही’ म्हणून थांबतात. त्या कालव्यानं तुम्हाला काय मिळत होतं ते बघा : माणसं अवतीभवती, पण कुणाशी बोलायची सक्ती नाही. तेवढं मंडईतही मिळतं. आठवड्यातून तीनदा, त्याच वेळी, त्याच भाजीवालीकडं जा. तिनं तुम्हाला चेहऱ्यानं ओळखायला लागणं हा या कामातला पहिला टप्पा आहे. ऑनलाइन मागवलेल्या भाजीनं तो कधीच येत नाही.

निर्धास्त मुलगी असणं तिसऱ्या भागात. ते गेलं. भावानं खोली घेतली म्हणून राग येतो तो खरं तर याचा असतो. आईला एकदा सरळ सांगा, ‘मला इथं पाहुण्यासारखं वाटतं.’ आणि माहेरच्या कपाटात एक कप्पा मागून घ्या. सासरीही तेच करा : दोन फुटांची एक फळी, जिच्यावर दुसऱ्या कुणी काही ठेवायचं नाही. हे नवऱ्यानं घरच्यांना सांगावं, तुम्ही नाही.

फेऱ्या एकदम बंद करू नका. अंतर पंधरावरून एकवीस दिवसांवर, मग महिन्यावर न्या. आणि परतीची वेळ बदला. पुणे सुमारे सव्वादोनशे किलोमीटर; रविवारी सकाळी निघालात तर दुपारी घरात असाल. संध्याकाळचा स्वयंपाक स्वतः करा, बॅग त्याच रात्री रिकामी करून माळ्यावर टाका. रात्री अकराला पोचून सोमवारी ऑफिस गाठणाऱ्या माणसाला घरी आल्यासारखं वाटायला वेळच मिळत नाही, आणि अर्धी भरलेली बॅग कॉटखाली आठवडाभर ‘परत जायचंय’ असं सांगत राहते. दिवसभर आईशी व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यानं बोलण्यापेक्षा आठवड्यात तीन फोन ठेवा, वीस मिनिटांचे, ठरलेल्या वेळी.

‘मी जातो’ हे कोल्हापूरकडच्या बायकांचं सरळ बोलणं आहे, ते दुरुस्त करायची गरज नाही. हसणाऱ्यांना चारचौघांत सुनावण्यापेक्षा नवऱ्याला एकट्यात सांगा की या हसण्यामुळं मी घरात कमी बोलायला लागलेय. बहुतेकदा त्यांच्या ते लक्षातच आलेलं नसतं.

किती दिवस लागतील? एखादी साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, असं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात दिसलं. माणसागणिक फरक मात्र १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. इथं तर एकाच वेळी पन्नास सवयी बदलल्यात, आणि दर पंधरवड्याला त्यात खंड. नऊ महिने म्हणजे उशीर झालेला नाही.

प्रश्न : घटस्फोटानंतर मुंबईहून राजारामपुरीत आईकडं परत आले. ‘आतलं घर शोध, ध्यान कर’ असं सगळे सांगतात. डोळे मिटून बसले की पाच मिनिटांत रडू कोसळतं. मला जमत नाही का? (वय ३४)

तुमचं काही चुकत नाही, पद्धत सध्याच्या काळाला चुकीची आहे. ताजं दुःख असताना डोळे मिटून शांत बसलं की बाहेरचा आधार सुटतो आणि आत जे उसळलेलं असतं तेच मोठं होतं. सध्या डोळे उघडे ठेवा. खुर्चीत बसा, दोन्ही तळवे फरशीवर, चपला काढून. चार सेकंदांत श्वास आत, सहा सेकंदांत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर श्वास फार खोल ओढताय, उथळ करा. मन भरकटलं तर दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाच्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास आणि एक चव मनात मोजा.

लिहून मोकळं व्हायचं असेल तर त्यालाही माप आहे : सलग चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, व्याकरणाची पर्वा न करता, नंतर फाडून टाकलं तरी चालेल. लिहिल्यावर तासभर जास्तच जड वाटतं, म्हणून झोपायच्या आधी लिहू नका. दुपारी लिहा आणि उठून बाहेर एक चक्कर मारा. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटत असेल, झोप आणि भूक मोडली असेल तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा तुमच्या डॉक्टरांकडं जा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : शुक्रवार पेठेतला आमचा वाडा विकसकाला दिला. वडील ७८ वर्षांचे. आम्ही तिघं भाऊ त्यांना एकेक महिना ठेवतो. दिवसा ठीक असतात, पण दिवेलागणीला ‘चला, घरी जाऊया’ म्हणून पिशवी भरतात. ‘हेच आपलं घर’ असं कितीदा सांगितलं तरी ऐकत नाहीत, चिडतात. काय करावं कळंना झालंय.

सगळ्यात आधी तो एकेक महिन्याचा फेरा थांबवा. भावाभावांत वाटणी न्याय्य दिसते, पण वडिलांच्या दृष्टीनं दर महिन्याला संडासाचा दरवाजा जागा बदलतो. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक भाग अर्धवट जागा राहतो, हे अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, आणि तो प्रयोग धडधाकट तरुणांवर होता. स्मरणशक्ती उतरणीला लागलेल्या माणसाला नव्या घराची ओळख पटायला कित्येक आठवडे लागतात. ती पटते न पटते तोच तुम्ही त्यांना हलवता. वडील एकाच घरी राहू देत, पाळी मुलांनी लावावी : एकानं मुक्कामाला यायचं, एकानं दवाखाना सांभाळायचा, एकानं खर्चाचा वाटा जास्त उचलायचा. हा विषय काढला की वहिनींच्या तक्रारीपासून जुन्या हिशेबांपर्यंत सगळं निघतं. निघू दे, पण वडिलांच्या समोर नको.

दुसरं, हे किती दिवसांत सुरू झालं ते आठवा. दोन-चार दिवसांत एकदम गोंधळ वाढला असेल तर घर बदलल्याचं कारण गृहीत धरू नका. लघवीतला संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठता, झोपेची किंवा सर्दीची नवी गोळी, यांतल्या कशानंही वृद्ध माणूस असा भरकटतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हळूहळू वाढत आलं असेल तर लघवी, सोडियम, साखर, थायरॉइड आणि बी-१२ च्या तपासण्या आणि स्मरणशक्तीची चाचणी करून घ्या. ऐकू येतं का, चष्म्याचा नंबर बरोबर आहे का, हेही बघा. निम्मा गोंधळ कधीकधी तिथंच असतो.

‘हेच आपलं घर’ हे वाक्य सोडून द्या. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेली माणसं चाळीस वर्षं राहिलेल्या घरातूनसुद्धा ‘घरी चला’ म्हणतात. तेव्हा त्यांना हवी असते ती सुरक्षितता, कधी आई, कधी नुसता संडास. आधी शरीर तपासा : लघवी, भूक, थंडी, गुडघ्याचं दुखणं. मग विचारा, ‘घरी कोण कोण असायचं?’ बोलू द्या. तरी उठलेच तर अडवू नका. चप्पल घालून बरोबर खाली उतरा, दहा मिनिटांची फेरी मारा आणि ‘दूध घेऊया’ म्हणत परत या. पुष्कळदा परतल्यावर तोच फ्लॅट त्यांना घर वाटतो. ‘उद्या नेतो’ असं रोज खोटं सांगणं टाळा, त्यातलं काहीतरी डोक्यात राहतं आणि दुसऱ्या दिवशी चीड वाढते.

खोलीची मांडणी वाड्यातल्यासारखी करा. कॉट भिंतीच्या ज्या अंगाला होती त्याच अंगाला, उतरायची बाजू तीच. नवी गादी, नवी चादर यांची हौस नको, जुनी घोंगडीच द्या. कॉटवरून संडासाचं दार दिसलं पाहिजे. रात्री ते उघडं, आत पिवळा मंद दिवा. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी घरातले सगळे दिवे लावा, कारण कातरवेळच्या सावल्यांनी गोंधळ वाढतो. दुपारची झोप चाळीस मिनिटांवर नको, चारनंतर चहा नको. देव्हारा त्यांच्या हाताला पोचेल असा लावा आणि पूजेची वेळ वाड्यातलीच ठेवा. वाड्याच्या दाराची कडी किंवा कुलूप मिळवता आलं तर मिळवा. फ्लॅटची एक किल्ली त्यांच्या खिशात असू दे, खिशात किल्ली असलेला माणूस कमी घाबरतो. दुसऱ्या खिशात तुमचा फोन नंबर आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी, प्लॅस्टिकमध्ये घालून.

प्रश्न : मे महिन्यात निवृत्त झालो. मुलगा बेंगळुरूला. नागाळा पार्कातलं हे घर मीच बांधलं, तरी दिवसभर परक्याच्या घरी बसल्यासारखं होतं. बायको म्हणते, पायात पायात येता. घर विकून मुलाकडं जावं का?

विकू नका, निदान वर्षभर तरी नाही. होम्स आणि राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या बदलांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, निवृत्तीला ४५, मुलानं घर सोडण्याला २९. हे गुण एकमेकांत मिळवायचे असतात. तुमच्या खात्यात सहा महिन्यांत ७४ जमा झालेत. त्यात घर आणि गाव आत्ताच सोडायची घाई कशाला? बेंगळुरूला जाऊन सहा आठवडे राहून बघा, पण पाहुण्यासारखं नाही. भाजी आणणं, बँक, दवाखाना सगळं स्वतः करून बघा. भाषेचा प्रश्न चौथ्या दिवशी कळतो.

परकं वाटण्याचं कारण सोपं आहे. घर तुम्ही बांधलंत, पण तुम्हाला ते सकाळी नऊच्या आधीचं आणि संध्याकाळी सातनंतरचं माहीत आहे. या घराची दुपार तुमच्या ओळखीची नाही. ती गेली तीस वर्षं तुमच्या पत्नीची आहे, तिथं तिची कामं, तिचे फोन, तिची झोप. त्यामुळं सकाळी दहा ते साडेबारा घराबाहेर राहा, आठवड्यातले सहा दिवस. करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० सालापासूनचं ग्रंथालय शहरात आहे, तालमी आहेत, सहकारी संस्थांना हिशेब तपासणारी माणसं हवी असतात. निवड करताना एवढंच बघा की तुम्ही गेला नाहीत तर कुणीतरी ‘आज आला नाहीत?’ म्हणून विचारेल. एकट्यानं रंकाळ्याला फेऱ्या मारणं तब्येतीला चांगलं, पण त्यानं हे काम होत नाही.

घरात ‘मदत’ करू नका. मदतनिसाला सूचना द्याव्या लागतात, म्हणजे बायकोचं काम वाढतं. एक काम पूर्ण घ्या, निर्णयासकट. उदाहरणार्थ रात्रीचं जेवण : काय करायचं ते ठरवणं, भाजी आणणं, निवडणं, ओटा पुसणं. पहिले पंधरा दिवस बिघडेल, तेव्हा पत्नीनं बाहेरच्या खोलीत थांबायचं, हा करारातला भाग.

नुकतेच निवृत्त झालेले लोक जूनमध्ये योगवर्ग, सहल मंडळ, पार्टटाइम नोकरी सगळं एकदम धरतात आणि दिवाळीपर्यंत सगळं सुटतं. दोन महिने दोनच गोष्टी. मुलाची खोली कुलूपबंद ठेवू नका. त्याचं एक कपाट राहू द्या आणि दुपारचा पेपर त्या खोलीत वाचा.

प्रश्न : २०२१ च्या पुरात मुलगी सहा वर्षांची होती. नंतर नदीजवळचं घर सोडून आम्ही राजेंद्रनगरला भाड्यानं राहतो. इथं पाणी येत नाही. तरी पावसाचा जोर वाढला की ती दप्तर भरून दाराशी बसते आणि मीही दर दहा मिनिटांनी मोबाइलवर पाणीपातळी बघते.

मुलगी पावसापेक्षा तुमच्याकडं बघून घाबरते. म्हणून सुरुवात मोबाइलपासून. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ च्या खाली असेल तर पातळी दिवसातून दोनदाच बघायची, सकाळी आठ आणि रात्री आठ. ३९ च्या वर गेलं तर दर चार तासांनी. हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा आणि आकडा मुलीलाच भरायला सांगा. त्याच कागदावर किती फुटांना जुन्या गल्लीत पाणी शिरतं आणि आताचं घर त्यापेक्षा किती उंचावर आहे हेही लिहा. आजीआजोबा किंवा नातेवाईक अजून खाली राहत असतील तर त्यांना कधी आणायचं तो आकडाही. ‘काही होणार नाही’ असं सांगू नका. तिनं झालेलं पाहिलंय. ‘काय झालं तर आपण काय करणार’ हे सांगा.

दप्तर भरण्यावरून रागावू नका. ती करते ते शहाणपणाचंच आहे, फक्त ते दर पावसात करावं लागू नये. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक कायमची पिशवी भरा : कागदपत्रं दोन प्लॅस्टिक पिशव्यांत, औषधं आठ दिवसांची, टॉर्च, सेल, पॉवर बँक, दोन लिटर पाणी, सुकं खाणं. मुलीची छोटी पिशवी वेगळी, त्यात तिनं निवडलेल्या तीन वस्तू. दर रविवारी टॉर्च लागतो का हे बघायचं काम तिचं. पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली दिसली की दाराशी बसायची गरज हळूहळू कमी होते. रात्री झोपताना रोज तीच एक गोष्ट करा, मग ती दोन ओळींचा श्लोक असो की डोक्याला तेल. पूरग्रस्तांच्या शिबिरात झोपावं लागलं तरी करता येईल अशीच निवडा.

आणि तिच्या मनात पंचगंगा फक्त घरात घुसलेलं पाणी म्हणून राहायला नको. आषाढात त्र्यंबोली देवीला नदीचं नवं पाणी वाजतगाजत नेतात, त्या दिवशी तिला घेऊन जा. गर्दीत घाबरली तर कडेला थांबा, लवकर परत या, पुढच्या वर्षी पुन्हा न्या. एवढं करूनही पाऊस सुरू झाला की ती शाळेत जायला नकार देत असेल, अंथरूण ओलं करत असेल किंवा महिनाभर रात्री दचकून उठत असेल तर मुलांच्या समुपदेशकाला दाखवा. शाळेतल्या बाईंनाही पूर्वकल्पना द्या, म्हणजे जोराचा पाऊस आला की त्या तिला खिडकीपासून लांब, एखाद्या मैत्रिणीशेजारी बसवतील.